तिसऱ्या दिवशीचे लाल ठिपके

इत्तो वारल्याचं अ‍ॅटलस पर्वताच्या उतारावरच्या त्या गावात कळलं आणि दुपारपर्यंत अल्लालच्या दाराशी गर्दी दुप्पट झाली. हाडं बसवणाऱ्या या माणसाचं भाकीत तंतोतंत खरं ठरलं होतं.

जैतुनाच्या झाडावरून पडून इत्तोची मांडी मोडली, तेव्हा अल्लालने पाय ओढला, बोरूच्या काड्या बांधल्या आणि म्हणाला, "झाडावरचा जिन हाडात शिरलाय. तिसऱ्या दिवशी छातीवर त्याच्या बोटांचे लाल ठसे उठतील, मग तो हिच्या तोंडून बोलेल. सुई टोचलीत तर चिडेल."

ठसे उठले. इत्तो धापा टाकत भलतंच बरळू लागली. चौथ्या दिवशी नवऱ्याने, बास्सूने, तिला शहरातल्या दवाखान्यात नेलं. पाचव्या दिवशी ती गेली.

तिथल्या डॉक्टर गिझलानने बास्सूला समोर बसवून सांगितलं होतं, "मोठं हाड मोडलं की त्याच्या पोकळीतली चरबी कधीकधी रक्तात उतरते. फुप्फुसात अडकली की धाप, मेंदूत गेली की बरळणं, कातडीत ते ठिपके. ती विरघळवणारं औषध नाही, बास्सूदादा. हाड लवकर पक्कं करायचं, प्राणवायू द्यायचा, लागलं तर यंत्रावर श्वास चालू ठेवायचा. तेवढ्यात बहुतेकांचं शरीर आपणच सावरतं."

"मग अल्लालला तिसरा दिवस कसा कळला?"

"तीस वर्षं हाडं ओढतोय, बघून बघून पाठ झालंय. ठिपके उठले तर भाकीत खरं. नाही उठले तर जिन त्याला भिऊन पळाला."

दफन आटोपून बास्सू थेट अल्लालच्या ओसरीवर गेला. तिथे झायद गवंडी पडला होता. आदल्या दिवशीच त्याची मांडी मोडली होती. बास्सू त्याच्या आईपाशी बसला. "मावशी, याला आत्ताच दवाखान्यात नेऊ. पाय फळीला बांधून, हिंदकळू न देता."

"तुझी बायको दवाखान्यातच मेली ना रे?"

अल्लाल हसला. "स्वतःची सांभाळता आली नाही, चाललाय दुसऱ्याचं सांभाळायला."

"दवाखान्यातच मेली," बास्सू म्हणाला. "पहिल्या दिवशी नर्सबाई गाडी घेऊन दारात आली होती. मीच तिला परत पाठवलं. याचं ऐकून."

म्हातारीने मुलाचा सदरा वर करून पाहिला. छाती अजून कोरी होती. "उचला," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी झायदलाही धाप लागली. पण तेव्हा मांडीत हाड पक्कं धरणारी सळई होती आणि नाकाशी प्राणवायू. आठव्या दिवशी तो हरीऱ्याचं गरम सूप मागून प्यायला.

जिन असता तर तो प्राणवायूच्या नळीला भ्यायला नसता. मांडी मोडली तर आधी दवाखाना गाठा. ठिपक्यांची वाट पाहू नका.

इत्तोची आई आजही त्या जिनालाच शिव्याशाप देते. तिच्यासमोर बसून खरं सांगणं बास्सूचं अजून राहिलं आहे.