पहिल्या ओळीतलं नाव

“हे अक्षर तुमचंच ना, मुकादमबाई?”

एक्स-रे विभागातला तंत्रज्ञ धुलाईखान्याच्या दारात उभा होता. एरवी हा माणूस आत येण्याआधी त्याचा टोमणा आत यायचा. आज त्याने हातातला कागद नुसता पुढे धरला. इस्त्रीच्या यंत्रातून बाहेर सरकणारी चादर मुकादमबाईंनी बाजूच्या बाईकडे सोपवली आणि चष्मा कपाळावरून नाकावर ओढला.

कागद झेरॉक्स होता. त्यावर अकरा नावं आणि प्रत्येकापुढे विभाग. अक्षर त्यांचंच होतं, गोल, टपोरं, ओळ न सोडणारं.

“माझंच आहे. तुला कुठे मिळालं हे?”

“प्रशासन अधिकाऱ्यांकडे. सकाळी बोलावून घेतलं मला. खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, क्वार्टरमध्ये तुमच्याबरोबर मावसभाऊ राहतात, ते नक्की कुठल्या मावशीचे?” तो हसायला गेला, पण ते काही जमलं नाही. “जाताना ही झेरॉक्स हातात दिली. म्हणाले, असू द्या तुमच्याकडे.”

मुकादमबाईंनी कागद उजेडाकडे धरला.

“पण मला दुसरंच विचारायचंय,” तो म्हणाला. “यात आम्ही सगळे आहोत. तुमचं नाव कुठंय?”

त्यांनी पुन्हा पाहिलं. यादी लिहिताना पहिलं नाव त्यांनी स्वतःचं घातलं होतं. त्या जागी आता कोरा पांढरा पट्टा होता आणि त्याच्या खाली केसासारखी बारीक काळी रेघ. वर कागदाची पट्टी ठेवून झेरॉक्स काढली की तिच्या कडेची उमटते, तशी.

“मी लिहिलं होतं रे,” त्या म्हणाल्या. हे किती लंगडं आहे, ते म्हणतानाच त्यांना कळलं.

“हो का,” तो म्हणाला, आणि निघून गेला.

त्या हॉस्पिटलात मुकादमबाईंना एकतीस वर्षं झाली होती. पेटीकोटापासून पडद्यापर्यंत सगळ्या इमारतीचं धुणं त्यांच्या हाताखालून जायचं. ‘मोठमोठ्या डॉक्टरांची धुणी मी रोज धुते, पण कधी तोंडाने धुतली नाहीत,’ असं त्या म्हणायच्या, आणि ते खरं होतं. पोटात ठेवलेली गोष्ट त्यांच्या ओठावर यायची नाही. म्हणून तर लोक त्यांच्याकडे यायचे.

घरी त्या आणि शिंपीणबाई. चोवीस वर्षांचा संसार. शिंपीणबाईंचं कपडे शिवायचं दुकान खाली, राहायच्या दोन खोल्या वर. दुकानामागच्या खोलीत दर गुरुवारी पाळी सुटल्यावर दहा-बारा माणसं जमायची. बायकांवर जीव असलेल्या बायका, पुरुषांवर जीव असलेले पुरुष, दाखल्यावर पुरुष आणि आतून बाई असलेली एक सफाई कामगार. कामावर एकमेकांना सांगायची खूण ठरलेली होती: ‘गुरुवारी माप द्यायला येताय ना?’ कुणी घरमालकाशी भांडून आलेलं असायचं, कुणी आईशी. मुकादमबाई ऐकायच्या, वकिलाकडे न्यायच्या, कुणाच्या वडिलांना स्वतः जाऊन भेटायच्या. नऊ वर्षं चाललेलं हे काम त्यांना कुणी नेमून दिलेलं नव्हतं. नियम मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी घालून दिला होता: या खोलीत कुणाचं नाव कागदावर यायचं नाही.

तो नियम त्यांनी मोडला भाऊसाठी.

भाऊ म्हणजे युनियनचा सेक्रेटरी. सगळं हॉस्पिटल त्याला भाऊच म्हणायचं. स्ट्रेचर ढकलणारा पोरगा होता, तेव्हापासून मुकादमबाई त्याला ओळखत होत्या. त्याचं पहिलं भाषण त्यांनीच लिहून दिलेलं. तो घरी यायचा, जेवायचा, शिंपीणबाईंना ‘वहिनी’ म्हणायचा. सख्ख्या भावांनी ज्या नात्याला कधी नाव दिलं नाही, त्याला या परक्या पोराने एका शब्दात नाव देऊन टाकलं होतं.

या वर्षी तो म्हणाला, “ताई, कुटुंबाच्या फॉर्मची मागणी मी मांडतो. जोडीदार म्हणून ज्याचं नाव लिहू तोच जोडीदार. औषधपाणी, क्वार्टर, आजारपणात सही करायचा हक्क, सगळं. पण नावं लागतील. नुसतं ‘काही कर्मचारी’ म्हटलं तर हसतील माझ्यावर. माझ्या खिशातून बाहेर जायची नाहीत, शब्द देतो.”

मुकादमबाई दारोदार फिरल्या. कुणी लगेच हो म्हणालं, कुणी विचार करून. बालरुग्ण विभागाच्या सिस्टरांकडे तीन खेपा घालाव्या लागल्या.

आता दुपारी बारा वाजता, ती झेरॉक्स पदराआड धरून, त्या युनियनच्या खोलीत शिरल्या. खोली जिन्याखाली होती. भाऊ फोनवर बोलत होता. त्याने हातानेच बसा म्हटलं. त्या बसल्या नाहीत.

“चहा सांगू, ताई?”

“यादी त्यांच्याकडे कशी गेली?”

भाऊने फोन उलटा टेबलावर ठेवला. “ताई, वाटाघाटी बाहेरून दिसतात तशा नसतात. समोरचा विचारतो, मागणी कुणाची? आहेत तरी किती जण? मी म्हटलं, आहेत. तर म्हणाले, दाखवा. दाखवली. त्यांनी ठेवूनच घेतली, मी काय हिसकावून घेणार?”

“आणि मागणी?”

“ह्या खेपेला मागे घेतली.” तो भराभर बोलायला लागला. “चाळीस कंत्राटी माणसं कायम होतायत. चाळीस घरांचा प्रश्न, ताई! ते म्हणाले, हे घ्या नाहीतर ते घ्या. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत?”

“चाळीस घरं उभी राहायलाच हवीत,” मुकादमबाई म्हणाल्या. “पण मागणी मागे घ्यायला नावं लागत नाहीत, भाऊ. ती मांडायला लागतात.”

भाऊने फोन सरळ केला, पुन्हा उलटा ठेवला. मग दाराकडे बघून आवाज खाली आणून म्हणाला, “तुमचं नाव मी जाऊ दिलेलं नाही. झेरॉक्स काढताना वर पट्टी ठेवली. मूळ कागद माझ्या कपाटात आहे. वहिनींच्या हातचं खाल्लंय मी, तेवढी चाड आहे मला.”

हे सांगताना त्याचा चेहरा अगदी मोकळा होता. आपण या बाईचं भलं केलं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

“म्हणजे त्यांनी ठेवून घेतली नाही,” मुकादमबाई सावकाश म्हणाल्या. “द्यायचं ठरवूनच तू झेरॉक्स काढायला गेला होतास. पट्टी कापायला कात्री घेतलीस तेव्हाच ठरलं होतं.”

“ताई, असं धरू नका.”

“अकरा माणसं उघडी पाडलीस आणि मला त्यांच्यातून वेगळं काढलंस. अक्षर माझं, नाव नाही. मग त्यांच्या लेखी मी कोण झाले, सांग ना? यादी पोचवणारी.”

“मी वाचवलं तुम्हाला!”

“तेच म्हणतेय मी,” त्या म्हणाल्या आणि जिन्याखालून वाकून बाहेर पडल्या.

बालरुग्ण विभागात सिस्टर कपाटात चादरी लावत होत्या. बावन्न वर्षांच्या, शिस्तीच्या, नवरा जाऊन फार वर्षं झालेली. दुसऱ्या गावातल्या एका शाळेच्या बाईंना त्या महिन्यातून एकदा भेटायला जात. एवढंच त्यांचं सुख होतं आणि तेही त्या कुणाला कळू देत नसत.

“आलात?” सिस्टर मागे न बघता म्हणाल्या. “मला कळलंय.”

“सिस्टर, मी दिली नाही हो यादी. भाऊने...”

“कुणी दिली त्याने आता काय फरक पडतो?” त्यांनी चादरीची कड कडेला जुळवली. “काल मुलाचा फोन आला होता. कुणीतरी त्याच्यापर्यंत पोचवलंच. फार बोलला नाही. ‘आई, खरं आहे का?’ एवढंच.”

“मग?”

“मी म्हटलं, राऊंडची वेळ झालीय, नंतर बोलते.” सिस्टर आता वळल्या. डोळे कोरडे होते. “तुम्ही तीनदा आलात, मुकादमबाई. मला तो फॉर्म नको होता. घर नको, औषध नको. तिसऱ्यांदा हो म्हटलं ते तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.”

बाहेर एक मूल रडायला लागलं तशा सिस्टर तिकडे गेल्या.

संध्याकाळी त्यांनी शिंपीणबाईंना सगळं सांगितलं. शिंपीणबाई मशीनवर होत्या. ऐकता ऐकता त्यांनी पायाची गती थांबवली, सुई कापडात तशीच रुतून राहिली.

“केसाने गळा कापला गं,” मुकादमबाई म्हणाल्या.

“मला भाऊचा राग नाही येत,” शिंपीणबाई म्हणाल्या. “त्याने वहिनी म्हटलं की मी कशी फुलून जायचे. दोन घास जास्तच वाढायचे. त्याचा राग येतोय.”

गिऱ्हाईक एक दारापर्यंत येऊन परत गेलं.

“त्याने तुझं नाव झाकलं,” शिंपीणबाई म्हणाल्या, “म्हणजे माझंही झाकलं. मी तुझ्याच ओळीत होते ना?”

“हो. उद्या जाऊन लिहून येते.”

“चार वर्षं राहिलीत नोकरीची.”

“माहीत आहे.”

“मग जा. पेन आपलं घेऊन जा. सरकारी टेबलावरच्या पेनाला शाई नसते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रशासन विभागातल्या कारकुनाने त्यांना विचारलं, “अर्ज आहे की तक्रार?”

“दुरुस्ती.”

“दुरुस्तीचा नमुना नाही आपल्याकडे.”

“मग कोरा कागद द्या.”

उभ्या उभ्याच त्यांनी लिहिलं: ‘समलिंगी व अन्य कर्मचाऱ्यांच्या कुटुंब-नोंदीच्या मागणीची जी यादी आपल्याकडे आली आहे, तिच्यातलं पहिलं नाव झाकलं गेलं आहे. ते माझं आहे. यादी मीच लिहिली. इतरांनी नावं दिली ती माझ्या शब्दावर, युनियनला दाखवण्यापुरती. त्यांना काही विचारायचं असल्यास आधी मला विचारावं.’ खाली सही. त्याखाली घरातल्या जोडीदाराचं पूर्ण नाव.

कारकुनाने कागद दोनदा वाचला. वाचून झाल्यावर त्यांच्याकडे पाहिलं नाही. आवक-शिक्का उचलला, जरा थांबला आणि मारला.

त्या कागदाच्या अकरा प्रती काढून मुकादमबाईंनी अकरा ठिकाणी स्वतः नेऊन दिल्या. सफाई कामगार म्हणाली, “माझं काय हो, मला तर फाटकावरचा पहारेकरीसुद्धा ओळखतो. तुमचं काही खरं नाही आता.” एक्स-रेवाल्याने तिथेच उभ्याने वाचलं.

“यादी गेली त्याच दिवशी असं का केलं नाहीत?”

“त्या दिवशी मला ठाऊक नव्हतं रे.”

“ते कळतंय मला,” तो म्हणाला. “पण त्याला काल सामान उचलून गावी जावं लागलं. मावसभावाला.”

पंधरा दिवसांत मुकादमबाईंची मुकादमी गेली. त्यांना मागच्या शेडमध्ये, वॉर्डांतून येणारे मळके कपडे वेगळे करायच्या कामावर टाकलं. कारण ‘प्रशासकीय सोय’. चाळीस माणसं कायम झाली. भाऊचा सत्कार झाला, टाळ्यांचा आवाज शेडपर्यंत आला. त्या चाळिसांतली दोघं धुलाईखान्यातलीच होती. त्यांना मुकादमबाईंनी जवळ बोलावून पाठीवर हात ठेवला, आणि तो मनापासून ठेवला. भाऊ एकदा आवारात समोरून आला. “ताई,” म्हणाला. त्या थांबल्या नाहीत, वाटही बदलली नाही.

गुरुवारी दोघं आली. पुढच्या गुरुवारी तिघं. एक्स-रेवाला महिन्याने आला. कुणाशी बोलला नाही, पण शेवटपर्यंत बसला. सिस्टर आल्या नाहीत.

सिस्टरांनी नोकरी सोडल्याचं मुकादमबाईंना कुणी सांगितलं नाही. एका सकाळी वॉर्डांच्या गाड्यांबरोबर एक कापडी पिशवी शेडमध्ये आली. वर चिठ्ठी होती: ‘बालरुग्ण, गणवेश परत.’ मळक्या ढिगावर ती पिशवी वेगळीच दिसत होती. आत चार गणवेश होते, घरी धुतलेले, इस्त्री केलेले, कडेला कड जुळवून घडी घातलेले. छातीवरची नावाची पट्टी उसवून काढलेली होती. टाक्यांची भोकं तेवढी ओळीने राहिली होती. कुठे डाग नव्हता, सुरकुती नव्हती. या शेडमधल्या कुणालाही त्यांच्या कपड्यांना हात लावावा लागू नये, अशी सगळी व्यवस्था त्यांनी केली होती.

परत आलेला प्रत्येक कपडा पुन्हा धुवायचा, असा नियम होता. तो त्यांनीच कधीतरी घालून दिला होता.

मुकादमबाईंनी हात पुसले. वरचा गणवेश उचलला, थोडा वेळ तसाच दोन्ही तळव्यांवर धरला, आणि मग हळूहळू त्याची घडी मोडायला लागल्या.