सेनापती ह्वानची पहिली वाटी

"मी आता जे सांगणार आहे, त्यावर इथला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही," असं म्हणून म्हाताऱ्या कुआननं चहाचा पेला खाली ठेवला. लगेच सगळं चहाघर पुढे सरकलं. ही त्याची जुनी हातोटी.

आज मात्र नुसती करमणूक नव्हती. मिठाची पोती वाहणाऱ्या ह्वाननं सेनापती होऊन पहिल्या सम्राटाला गादीवर बसवलं, त्याला शंभर वर्षं झाली होती. उद्या ह्वानच्या देवळात रश्श्याची पहिली वाटी ठेवण्याचा मान त्याच्या आचाऱ्याच्या घराण्याचा. पण गावात अशी घराणी दोन निघाली. पुजारी लू रिकामी वाटी मांडीवर घेऊन निवाड्याला बसला होता.

शेवयांचं दुकान चालवणाऱ्या थानबाईंनी आपली बाजू दोन वाक्यांत उरकली होती. "माझा खापरपणजा सेनापतींचा आचारी. हा त्याचा झारा." झारा काळाकुट्ट होता.

कुआनकडे झारा नव्हता, तोंड होतं. चाळीस वर्षं तो उत्सवाच्या मिरवणुकीत गाढवांच्या मागून चालला होता. पहिली वाटी नेणारा सगळ्यांच्या पुढे चालतो; मरण्यापूर्वी एकदा तरी गाढवांच्या पुढे चालायचं, एवढीच त्याची हौस.

"माझ्या खापरपणजाच्या तिळाच्या रोट्या इतक्या कडक, की सैनिक त्या छातीला बांधून लढत," तो म्हणाला. "ह्वाय नदीवर शत्रूनं आठशे बाण सोडले. आठशेच्या आठशे रोट्यांत रुतले. आपल्या लोकांनी ते उपटून परत मारले आणि रोट्या रश्श्यात बुडवून खाल्ल्या."

"टोकांसकट?" थानबाईंनी विचारलं.

"टोकं बाजूला काढायची, वहिनी. माशाचे काटे काढतो तशी."

पुजारी हसला. कुआनला चेव आला.

"मग राजधानीला वेढा. दरवाजा काही केल्या हलेना. सेनापती म्हणाले, रस्सा चढव. तीन दिवस मेंढीचा रस्सा उकळला, वारा शहराकडे. चौथ्या दिवशी पहारेकऱ्यांनीच दरवाजा उघडला. हातात वाट्या घेऊन बाहेर आले बिचारे."

आता पुजारी पोट धरून हसत होता. "झाऱ्यापेक्षा रोट्या भारी पडल्या, थानबाई," असं म्हणत त्यानं वाटी कुआनपुढे धरली.

इथं कुआननं वाटी घेऊन घरी जायला हवं होतं. पण गोष्ट रंगात आलेली असताना उठणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

"शेवटचं ऐका," तो म्हणाला. "राज्याभिषेकाची मेजवानी. सम्राटांनी रस्सा चाखला, उठून उभे राहिले आणि भर दरबारात सेनापतींना हाक मारली, 'अढळवीर, कुठाय तुझा तो आचारी? आण त्याला माझ्यापुढे.'"

चहाघरानं वाहवा केली. थानबाईंनी झारा पदरानं पुसला आणि सावकाश टेबलावर ठेवला. पुजाऱ्याचा हात वाटीसकट मध्येच थबकला.

"कुआन भावजी," त्या म्हणाल्या, "देवळातली पाटी दर महिन्याला मी पुसते. अढळवीर ही पदवी सेनापतींना दरबारानं दिली ती मेल्यावर, सुतकाच्या तिसऱ्या दिवशी. मग त्या मेजवानीत सम्राट हाक मारत होते ती कुणाला?"