ही गाडी खाते काय?

मी एक जुनी गाडी आहे, मित्रांनो. पण जुनी म्हणून कुणी मला कमी लेखायचं नाही. कातडी सीटांची, उंच छपराची, इंजिनाची ताकद एकदम चारही चाकांना देणारी. नवी होते तेव्हा माझी किंमत ऐकून माणसं दोन पावलं मागे सरायची. पहिल्या मालकीणबाई मोठ्या डॉक्टर. मी कुरकुरायला लागायच्या आत त्यांनी मला विकलं. हुशार बाई!

मग एका लाँड्रीवाल्याने मला घेतलं. छोट्या नव्या गाडीच्या भावात एवढी मोठी मिळाली, म्हणून तो हवेत होता. त्याच्या बायकोने माझ्याभोवती फेरी मारली, वाकून खाली पाहिलं आणि विचारलं, "अहो, ही खाते काय?" त्याला वाटलं, ती पेट्रोलचं विचारतेय. मलाही तेच वाटलं.

कातडी सीटांवर हॉटेलांच्या चादरींची गाठोडी आली. मी नाक मुरडलं, पण कामात खोट ठेवली नाही. तेवढ्यात माझा पुढचा एक दिवा गेला. त्या पैशात जुनी स्कूटर आली असती! किंमत उतरली होती ती माझी. माझ्या सुट्या भागांची नव्हे.

मग टायर झिजले. दुकानदार म्हणाला, चारही एकदम बदला. लाँड्रीवाल्याला वाटलं, हा गळ्यात मारतोय. त्याने घासाघीस करून दोनच घेतले, पुढे बसवले आणि घरी येऊन छाती फुगवली.

थोड्याच दिवसांत माझ्या पोटात गुरगुर सुरू झाली. वळताना मी अडखळायचे. आत नेमकं काय चाललंय, याचं मलाच नवल. मेकॅनिकने एक नवं चाक आणि एक जुनं चाक काढून भिंतीशी शेजारी-शेजारी उभी केली. बायकोने वरून हात फिरवला. नवं बोटभर उंच होतं.

"बुटक्याला जास्त फिरावं लागतं, वहिनी," तो म्हणाला. "आणि चारही चाकं ताकद वाटणाऱ्या एकाच पेटीला बांधलेली. रोज आतल्या आत ओढाताण. पेटी खलास होत आलीय."

नव्या पेटीला लागणार होते नेमके तिने कपडे धुण्याच्या मशीनसाठी साठवलेले पैसे. जुनं मशीन बंद पडल्यापासून ती चादरी हाताने धूत होती. बोटं सोलली होती. नवरा मान खाली घालून म्हणाला, मशीन पुढच्या वर्षी घेऊ.

तिने त्या दोन चाकांकडे पुन्हा पाहिलं. मेकॅनिकला म्हणाली, "पुढची चाकं मोकळी केली तर?"

तो म्हणाला, पुढे ताकद नेणारा लोखंडी दांडा काढला, तर ही मागच्या दोन चाकांवर चालेल, ओढाताण थांबून पेटीही टिकेल. पण हिची शान जाईल.

"मला शान कुठं धुवायचीय? चादरी धुवायच्यात."

दांडा निघाला. मी फार रुसले. पण त्याच आठवड्यात नवं मशीन माझ्यातच बसून घरी आलं, दोन चाकांच्या जोरावर, आणि रस्त्यात कुणाला काही कळलं नाही.

मित्रांनो, थाटाची वस्तू स्वस्तात मिळाली, तर तिला पोसायला काय लागतं ते आधी विचारा. आणि चाकांमध्ये आपपरभाव करू नका. माझा तो दांडा आता लाँड्रीत दोन खुंट्यांवर आडवा आहे, जुनं फडकं गुंडाळलेला. ओल्या चादरी त्यावर निथळतात. मी दारातून बघते. अजून कामाला आहे माझा तो!