बारावा तारा

कमलला तुम्ही नापास केलं, साहेब, ते तिनं खरं लिहिलं म्हणून. बाकीच्या एकोणतीस जणी खोटं सुवाच्य अक्षरात लिहून पास झाल्या.

सत्याऐंशीचा फेब्रुवारी. सौंसरच्या शिक्षिका-प्रशिक्षणात निरीक्षणवहीचा शेवटचा प्रयोग होता. आपल्या आकाशगंगेभोवती फिरणारी एक छोटी दीर्घिका आहे, मोठा मॅगेलनी मेघ. त्यातला एक तारकागुच्छ पाहून आकृती काढायची. दुर्बीण संस्थेत नव्हतीच. होती ती शेजारच्या रजनीची चार वर्षांपूर्वीची वही. रजनीनंही ती कुणाची पाहून उतरवलेली. मूळ आकृतीत अकरा ठिपके होते, रजनीच्या हातून शाईचा थेंब पडला आणि तेव्हापासून बारा तारे झाले. दरसाल पोरी बारा काढत, दरसाल पंचवीसपैकी बावीस मिळत. कमलला हे रजनीनंच हसत सांगितलं होतं.

पास झाली की कमलला रामाकोन्याच्या शाळेत नोकरी ठरलेली. तरी दिवेलागणीनंतर ती बापाचा ओळंबा आणि कोनमापक घेऊन अंगणात उभी राहिली.

"काय मोजून राहिली वं?" नत्थूजी गवंड्यानं विचारलं.

"ध्रुव, बाबा."

"त्याची भित वाकडी झाली का काय?"

ध्रुव क्षितिजापासून साडेएकवीस अंशांच्या आसपास उंच भरला. त्यावरून दक्षिणेचं आकाश कुठवर दिसेल हे निघतं. तो मेघ सौंसरात क्षितिजाच्या धुरळ्यातून वर निघतच नाही. कमलनं आकृतीची चौकट कोरी ठेवली, खाली गणित मांडलं आणि लिहिलं, 'इथून दिसत नाही.'

मार्चात तुम्ही तोंडी परीक्षा घ्यायला आलात.

"त्याच मेघात तारा फुटला म्हणून रेडिओवर सांगून राहिले. लोकांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिला."

"दक्षिणेकडच्या देशांतून पाहिला, सर."

"एकोणतीस जणींना दिसते अन् तुलेच दिसत नाही?"

"त्यांनी वही पाहिली, सर."

तुम्ही लाल पेन काढला. पंचवीसपैकी तीन. रामाकोन्याची जागा दुसरीला गेली.

"भित चुकली तं भित पाडा लागते," नत्थूजी म्हणाला. "वळंबा फेकून काय होते?"

कमलनं फेरतपासणीचा अर्ज केला. उत्तर नाही. दुसरा केला, तोही तुमच्याच टेबलावर पडून आहे. त्यात एकच प्रश्न आहे. तो बारावा तारा तुम्ही कोणत्या तारखेला, किती वाजता, सौंसरच्या कोणत्या छतावरून पाहिला? लेखी कळवा.