अस्वलाची गाडी आणि इस्त्रीचा प्लग

मित्रांनो, मी एक जुना बॅकअपचा डबा आहे. तसा कॉम्प्युटरचाच भाऊबंद, पण मला ना पडदा, ना कीबोर्ड. पोटात एक फिरती तबकडी आणि तोंडावर हिरवा दिवा, एवढाच माझा थाट. घरातल्या कॉम्प्युटरमध्ये जे असेल त्याची दुसरी प्रत वायफायवरून माझ्याकडे यायची आणि मी ती जिवापाड जपायचो.

घरातले बाबा बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचे. घरीही तोच सूर. "प्रवाशांनी लक्ष द्या, चहा अर्धा तास उशिराने धावत आहे!" असं ते स्वयंपाकघराकडे बघून म्हणत आणि आई कपाळाला हात लावी. पुढे त्यांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज जाणार, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तेव्हा लेकीला दिवस गेले होते. बाबांनी येणाऱ्या नातवंडासाठी एक लांबलचक गोष्ट रेकॉर्ड करून ठेवली.

"अगं, दुसरीकडेही ठेव ती," आई म्हणाली.

लेकीने कॉपी सुरू केली. ती अर्ध्यावरही आली नव्हती, तोच जावयाने इस्त्री लावायला वायफायच्या राऊटरचा प्लग काढला. कॉम्प्युटरने माझ्याकडे फाइलची पूर्ण जागा आधीच अडवून ठेवली होती. त्यामुळे प्लग परत लागल्यावर लेकीला नाव बरोबर दिसलं, आकारही बरोबर. आत मात्र सुरुवातीच्या चार वाक्यांपुढे सगळं कोरं.

"आलं बाई सगळं! गुणी आहे हो आपला डबा," म्हणत लेकीने मला थोपटलं. मला तोंड असतं तर ओरडलो असतो, एकदा उघडून ऐक गं!

ऑपरेशन झालं, बाबांचा आवाज गेला. बाळ झालं आणि थोड्याच दिवसांत कॉम्प्युटरने मान टाकली. नवा आणला. सगळे जमले. माझ्यातली फाइल लावली.

"बाळा, मी तुझा आजोबा बोलतोय. एक होतं अस्वल. त्याची गाडी रोज चुकायची. एके दिवशी काय झालं..."

पुढे शांतता. लेकीने पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. "प्लग मीच काढला होता," जावई म्हणाला.

बाबांनी बाळाला मांडीवर घेतलं आणि ओठ हलवत, हातवारे करत गोष्ट पुढे सांगायला लागले. बाळ त्यांच्याकडे बघेना. आवाज जिथून आला होता, त्या कॉम्प्युटरकडेच ते मान वळवून बघत राहिलं. आईने पदर तोंडाला लावला.

आता मी कपाटावर धूळ खात पडलो आहे. मित्रांनो, कॉपी चालू असताना प्लगला हात लावू नका. आणि झाली, की नुसतं नाव वाचून खूश होऊ नका. ती उघडा, शेवटपर्यंत ऐका. बाबांना ती गोष्ट अजून शब्दन् शब्द पाठ आहे.