सेट कोण बंद करतं?

“आता बघा पाव्हणं,” कारभारी वैजनाथच्या कानाशी पुटपुटला. “सेटचा आवाज वाढवून आलोय. दोन मिन्टात बंद पडतो का न्हाई बघा. तुमचीच भैन करती.”

वैजनाथ म्हणजे सुनेचा, आरतीचा, थोरला भाऊ. “समक्ष या, बोलायचंय” एवढंच फोनवर सांगून त्याला जामखेडहून बोलावून घेतलं होतं. बिचारा धास्तावून आला. बहिणीचा गुन्हा काय, तर ती सासऱ्याचा म्युझिक सेट बंद करते! हसावं की रडावं ते त्याला कळेना. पण कारभारी हसण्यावारी नेत नव्हता. आज मुद्देमालासह पकडायचं आणि भावाबरोबर माहेरी लावून द्यायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. दोघे खिडकीबाहेर दबा धरून उभे राहिले.

कारभारीचं उभं आयुष्य लाऊडस्पीकर लावण्यात गेलं. पाथर्डी तालुक्यात ज्या लग्नाला त्याचे भोंगे नसत, ते लग्न चोरून लावल्यासारखं वाटे. गुडघे दुखायला लागल्यावर त्याने भोंगे विकले आणि घर एकदम मुकं झालं. मग चाकणला कामाला असलेल्या मुलाने, हर्षलने, दिवाळीला वडिलांसाठी नवा रिसीव्हर आणला, दोन स्पीकरांसकट. घरात त्याला सगळे सेट म्हणत. म्हातारा खुलला खरा, पण दोनच स्पीकर म्हणजे त्याला मिशी अर्धी उतरवल्यासारखं वाटलं. माळ्यावरचे जुने दोन स्पीकरचे खोके त्याने खाली काढले. एक अंगणात टांगला, एक गोठ्यात, आणि त्यांच्या वायरी नव्या स्पीकरांच्याच टोकांना पिळून टाकल्या. एका तारेवर वीस-वीस भोंगे ओढलेल्या माणसाला चार खोके म्हणजे पोरखेळ.

तेव्हापासून सेट अधूनमधून गप्प व्हायला लागला. तोही नेमका कारभारी आवाज वाढवून गोठ्याकडे गेला की. परत येऊन बघावं तर दिवा विझलेला आणि घरात एकटी सून. बायको केशरबाई गेल्यापासून घरात तिसरं माणूस नव्हतं. बटण दाबलं की सेट पुन्हा मुकाट सुरू. संशयाला आणखी काय लागतं?

“आरते, तू बंद केलास?”

“न्हाई मामा, म्या हातबी लावला न्हाई.”

“मंग काय भूत करतंय व्हय?”

हे रोजचंच होऊन बसलं. शेजारच्या रंगुबाईने त्यात तेल ओतलं, “सुनंला तुमचा आवाज सोसंना, कारभारी.” मग त्याने एकदा बटणावर कुंकवाची चिमूट लावून ठेवली. संध्याकाळी बघतो तर सुनेच्या बोटाला कुंकू! सवाष्णीच्या बोटाला कुंकू नसेल तर काय असेल, एवढं काही त्याच्या डोक्यात आलं नाही. आरती पूर्वी भाकरी थापताना गवळणीमागे गुणगुणायची. ते थांबलं. कारभारीने त्याचाही अर्थ लावला. गुन्हेगार माणूस गप्पच असतो.

खिडकीतून मधल्या खोलीतला सेट दिसत होता आणि त्यापलीकडे स्वयंपाकघरातली आरती. बाजरीचं पीठ मळत होती. गवळण अंगणभर घुमत होती. मृदंगाने जोर धरला आणि टक्कन आवाज होऊन सगळं थांबलं. सेटचा दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला.

आरतीचे हात परातीत जागच्या जागी थांबले. तिने दाराकडे पाहिलं, मान खाली घातली आणि सासऱ्याच्या प्रश्नाची वाट बघत बसली.

“मामा,” वैजनाथ म्हणाला, “तिचे दोन्ही हात पिठात हायेत.”

कारभारीने आत जाऊन सेट फिरवला, चष्मा लावला आणि मागची बारीक अक्षरं वाचली. मग तो खालीच बसला.

“झालं काय?” मागोमाग आत येत वैजनाथने विचारलं.

“भोंग्याला परत्येकाला आपला ट्रान्सफॉर्मर असतोय. म्हनून कितीबी जोडा. ह्या खोक्यांना तो न्हाई. ओहम म्हंजी करंटला अडवायचं माप. हितं आठ ओहमाला आठ ओहम असं जोडलं की चारच उरत्यात. सेटला सहाच्या खाली चालत न्हाई. आवाज वाढवला की लई करंट वढतो, आन् जळू नये म्हनून सोताच बंद पडतो.”

“म्हंजी बंद कोन करत हुतं?”

“मी,” कारभारी म्हणाला.

त्याने जुन्या खोक्यांच्या वायरी उपसून काढल्या आणि बटण दाबलं. गवळण पुन्हा सुरू झाली. मग तो स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. त्याला फार लाज वाटत होती, आणि इतक्या वर्षांत सुनेसमोर लाज वाटायची वेळ त्याच्यावर आली नव्हती.

“आरते, चुकलं माझं.”

“पिशवी भर,” मागून वैजनाथ बोलला. “चल घरी.”

“म्या कशाला येऊ, दादा? म्या काय केलंय?” आरतीने हातावरची भाकरी तव्यात टाकली, तिच्यावरून पाणी फिरवलं आणि मग सासऱ्याकडे पाहिलं. “मामा, आज माझे हात पिठात हुते. नुसती बसले असते, तर?”

कारभारी चौकट धरून तसाच उभा राहिला. मागे सेट चांगल्या मोठ्या आवाजात वाजत होता, आणि आता मधेच बंद पडत नव्हता.