बाण उजवीकडे वळला तेव्हा

मित्रांनो, जपानच्या होक्काइदो बेटावरच्या डोंगरात एका विद्यापीठाचं संशोधनाचं जंगल आहे. तिथल्या फाट्यावर वाट दाखवणारी जुनी लाकडी पाटी म्हणजे मी. सुगावारा नावाच्या वनकामगाराने माझं टोक बाणासारखं तासलं, 'तळ्याकडे' अशी अक्षरं पटाशीने कोरली आणि एका मोठ्या स्क्रूने मला खांबाच्या डोक्यावर बसवलं. झाडं, पक्षी पाहायला येणारी माणसं म्हणत, "पाटी आहे म्हणून बरं." ते ऐकून मला भरून येई.

सुगावारा दर वसंतात माझा स्क्रू आवळत असे. तो निवृत्त झाला आणि हे काम तोकिता या तरुण कर्मचाऱ्याकडे आलं. बर्फ वितळल्यावर त्याने मला हलवून पाहिलं.

"सैल झालीय. पुढच्या आठवड्यात बघू," असं म्हणून तो गेला. तो आठवडा काही उजाडला नाही.

ऑक्टोबरातल्या वादळात तळ्याची डावी वाट सोडून मी गर्रकन उजवीकडे फिरले. दुसऱ्या दिवशी धुक्यात हातानाका पती-पत्नी आले. दोघं निवृत्त शिक्षक. तळ्याकाठचं शेवाळ पाहायला दरवर्षी येत.

"कुनिको, डावीकडे ना गं?" शोहेईसान थबकले.

"अहो, सकाळी कपाळावरचा चष्मा सापडत नव्हता तुम्हाला. पाटी काय दाखवतेय बघा."

"पाटी म्हणतेय तर चल बाई."

मला ओरडता आलं नाही. अस्वलांनी दूर राहावं म्हणून पिशवीला बांधलेली त्यांची घंटा उजवीकडच्या खचलेल्या वाटेवर हळूहळू ऐकू येईनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शोधपथकाने शोहेईसानांना झोळीतून माझ्यासमोरून नेलं. घळीत पडून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. रात्रभर घंटा वाजवून कुनिकोसानचं मनगट सुजलं होतं. मागून येणाऱ्या तोकिताने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

शोहेईसान वाचले, पण त्यांचं डोंगर चढणं कायमचं सुटलं. ही वाट हिवाळाभर बंद होती; ती उघडायच्या आधी, वसंतात, कुनिकोसान एकट्याच आल्या. मला दुरुस्त करायला आलेला तोकिता त्यांच्यापुढे कमरेतून वाकला.

"पाटी सैल आहे हे मला ठाऊक होतं. चूक माझी."

त्यांनी माझ्या टोकावरून हात फिरवला.

"हे डावीकडेच म्हणत होते. मीच ऐकलं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माफ केलं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. आधी हिला घट्ट करा. मी धरते."

त्यांनी मला पुन्हा डावीकडे वळवलं आणि स्क्रू पुरता बसेपर्यंत सोडलं नाही.

मित्रांनो, आता मी पक्की आहे. तरी माझ्याकडे बघून कुणी बेधडक चालू लागलं की मला धडकी भरते. जंगलात कुठे सैल पाटी दिसली, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. आम्हाला बोलता येत नाही, आणि माणसं आमच्यावर विसंबून पुढे निघालेली असतात.